खास बिअर करायचीच असेल, तर मालदांडीची करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुणे, मुंबई आणि बंगळुरू या शहरांतले छोटे बिअर कारखाने, ज्यांना आता सगळेच मायक्रोब्रुअरी म्हणतात, एखाद्या महोत्सवासाठी किंवा एखाद्या वस्तीच्या मेळाव्यासाठी तेवढ्यापुरती खास बिअर तयार करू लागले आहेत. महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी, डूलॅली, २००९ साली पुण्यात सुरू झाली आणि त्यानंतर हा व्यवसाय पुण्यात चांगलाच रुजला. नोकरीनिमित्त त्या शहरांत राहणारी आणि सुट्टीत घरी येणारी आमची मुले आता विचारतात, की असे काही सोलापुरात का होऊ नये. होण्यास माझी हरकत नाही. मात्र ती बिअर आपल्या मालदांडी ज्वारीची असावी, हुरड्याच्या हंगामापुरती असावी आणि यात्रा-उत्सवांच्या मांडवात तिचा शिरकाव होऊ नये, असे मला मनापासून वाटते. पिढ्यान्‌पिढ्या जिरायत ज्वारी करणाऱ्या घरातला मी माणूस आहे, त्यामुळे या विषयावर गप्प राहणे मला जमत नाही.

समारंभासाठी वेगळी बिअर करण्याची प्रथा युरोपात जुनी आहे. म्युनिकचा ऑक्टोबरफेस्ट १८१० साली तिथल्या युवराजाच्या विवाहसोहळ्यातून सुरू झाला आणि आजही त्या मैदानावर केवळ म्युनिक शहरातल्या सहा ब्रुअरींचीच बिअर मिळते. अमेरिकेत २०१८ साली कॅलिफोर्नियातल्या वणव्याने एक अख्खे गाव बेचिराख केले, तेव्हा जवळच्याच सिएरा नेवाडा या ब्रुअरीने एका बिअरची कृती सर्वांसाठी खुली केली, देशभरातल्या १,४०० हून अधिक ब्रुअरींनी ती बनवली आणि विक्रीचे पैसे वणवाग्रस्तांसाठी दिले. या दोन्ही उदाहरणांत बिअरचे त्या गावाशी खरे नाते होते. आपल्याकडे राजस्थान-हरियाणातल्या जवाचे माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले धान्य, आणि परदेशी हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुले, आणून टाकीत घालायचे आणि बाहेर फक्त सोलापूरच्या नावाचे लेबल चिकटवायचे, एवढेच होणार असेल, तर त्यात सोलापूरचे काय राहिले?

सोलापूरचे जे आहे, ते ज्वारीत आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या काळ्याभोर, ओल धरून ठेवणाऱ्या जमिनीत ही ज्वारी एकाही पाण्याशिवाय येते. रब्बीत आजही सर्वत्र पेरले जाणारे एम ३५-१ हे वाण १९३०च्या दशकात आपल्याच जिल्ह्यात, मोहोळच्या संशोधन केंद्रावर, स्थानिक मालदांडीतून निवडले गेले. रब्बी ज्वारीवर काम करणारे केंद्र सरकारचे संशोधन केंद्रही सोलापुरातच आहे. एवढे सगळे असूनही जिल्ह्यात जिथे जिथे पाणी पोहोचले, तिथे तिथे ज्वारी मागे हटली आणि ऊस आला. यात शेतकऱ्याला दोष देता येत नाही. ज्वारी हाताने उपटून काढावी लागते, कणसे खुडावी लागतात, पाखरे राखावी लागतात, आणि एवढे करून जिरायतीत एकरी तीन-चार क्विंटल पदरात पडते. अनेक घरांत आज ज्वारी पेरली जाते ती मुख्यतः जनावरांच्या कडब्यासाठी, धान्य हे वरचे उत्पन्न झाले आहे.

या ज्वारीला थोडाफार मान आणि बऱ्यापैकी पैसा मिळतो, तो हुरड्याच्या दिवसांत. डिसेंबरअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत शहराच्या चारही बाजूंना शेतांवर आगट्या पेटतात. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले सुरती किंवा गूळभेंडी या हुरड्याच्या वाणांचे कणीस तळहातावर चोळून, फुंकर मारून कोंडा उडवला की हिरवे, मऊ, वाफाळते दाणे हातात राहतात. शेंगाची चटणी, दही, गूळ आणि बोरे सोबत असली की दुपार कशी सरते ते कळत नाही. पूर्वी हे आप्तेष्टांपुरते होते. आता माणशी पैसे घेऊन हुरडा पार्टी देणारे शेतकरी पुष्कळ झाले आहेत, आणि यातल्या काही ठिकाणी गाडीच्या डिकीत लपवून आणलेल्या बाटल्या बांधाआड उघडल्या जातात, हेही सर्वांना ठाऊक आहे. जे चोरून, बेहिशेबी आणि बाहेरच्या मालावर चालते, ते परवान्याने, मोजके आणि आपल्या धान्यावर चालावे, असे मी म्हणतो.

ज्वारीची बिअर होते का, असे कोणी विचारील. आफ्रिकेत ती शेकडो वर्षे घरोघरी होत आली आहे. बुर्किना फासोमधली डोलो आणि घानातली पिटो ही त्यांतली प्रसिद्ध नावे. नायजेरियाने १९८८ साली जवाच्या माल्टच्या आयातीवर बंदी घातली, तेव्हा तिथल्या मोठमोठ्या कंपन्यांना ज्वारीकडे वळावे लागले आणि त्या वळल्या. युगांडात तर एपुरिपूर नावाच्या ज्वारीच्या वाणापासून ईगल लागर ही बिअर बाजारात आली, तिच्यासाठी छोट्या शेतकऱ्यांकडून धान्य घेतले गेले आणि सरकारने त्या बिअरवरचा करही कमी ठेवला.

काम सोपे आहे, असे मात्र नाही. जवाच्या दाण्याला टरफल असते, आणि उकडलेला लगदा गाळताना तेच टरफल गाळणीचे काम करते. ज्वारीचा दाणा उघडा असल्यामुळे गाळणी तुंबते आणि त्यासाठी भाताचे तूस मिसळावे लागते. ज्वारीचा स्टार्च जवापेक्षा जास्त उष्णतेला, सत्तर अंशांच्या आसपास आणि त्याच्याही वर, फुलतो, पण स्टार्चची साखर करणारी विकरे तेवढ्या उष्णतेत टिकत नाहीत. म्हणून पीठ आधी वेगळे शिजवून, निववून मग माल्टमध्ये मिसळावे लागते. मोड आणण्याचे कामही जपून करावे लागते. ज्वारी रात्रभर भिजवून ओल्या फडक्यात बांधली, की दोन दिवसांत पांढरे मोड फुटतात आणि फडके सोडताच ओल्या मातीसारखा गोडसर वास येतो. हे मोड दिसायला कितीही छान असले, तरी त्यांत तेच विषारी द्रव्य असते, ज्यामुळे ज्वारीचे कोवळे पोंगे खाऊन गुरे दगावतात. माल्ट वाळवल्यावर ते मोड चोळून, पाखडून पूर्णपणे काढून टाकावेच लागतात. हे शास्त्र नीट जाणणाऱ्या माणसानेच या कामात उतरावे, हौशी मंडळींनी घरच्या घरी प्रयोग करू नयेत. घरी बिअर गाळणे कायद्यालाही मान्य नाही.

आता थोडा हिशेब मांडतो, कारण शेतकऱ्याच्या फायद्याच्या गोष्टी बोलायला गोड असतात आणि हिशेबाला बसले की विरून जातात. पाचशे लिटर बिअरच्या एका घाण्याला साधारण एक क्विंटल माल्ट लागते, म्हणजे मोड काढताना येणारी घट धरून सव्वा क्विंटल ज्वारी. केंद्राने २०२५-२६ साठी मालदांडीला क्विंटलला ३,७४९ रुपये आधारभूत भाव जाहीर केला आहे. कारखानदाराने याच्या दुप्पट भाव दिला, तरी त्याचा खर्च लिटरमागे साडेनऊ रुपयांहून कमीच वाढतो, म्हणजे एका ग्लासामागे तीन रुपयांच्या आसपास. मायक्रोब्रुअरीत एका ग्लासाला जे पैसे मोजले जातात, त्यांत हे तीन रुपये कोणाला जाणवणारही नाहीत, पण शेतकऱ्याला मात्र दुप्पट भाव मिळतो. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हंगामात असे चाळीस घाणे काढले, तरी लागणार पन्नास क्विंटल ज्वारी, म्हणजे पंधराएक एकरांचे पीक. एवढ्याने जिल्ह्यातली ज्वारी वाचणार नाही. तरीही दहा-बारा कुटुंबांना पेरणीआधी ठरलेला दुप्पट भाव मिळाला आणि ग्लासाशेजारच्या पाटीवर त्या गावाचे नाव लागले, तर त्याचे मोल मला मोठे वाटते.

धान्यापासून मद्य म्हटले, की अनेकांना राज्य सरकारचे २००७चे धोरण आठवेल. ज्वारी, बाजरी, मक्यापासून मद्यार्क बनवणाऱ्या कारखान्यांना लिटरमागे दहा रुपयांपर्यंत अनुदान देण्याच्या त्या धोरणाला राज्यभर विरोध झाला आणि तो योग्यच होता. गरिबाच्या भाकरीचे धान्य सरकारी पैशाने भट्टीत घालणे कोणत्याही तत्त्वात बसत नव्हते. मी मांडतो आहे त्यात सरकारचा एक रुपयाही नसावा. अनुदान मागणारा कारखानदार आला, तर त्याला दारातूनच परत पाठवावे.

पाण्याचा प्रश्न याहून गंभीर आहे. ज्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येते आणि घराघरांत पिंप, टाक्या भरून ठेवाव्या लागतात, तिथे बिअर कारखान्याचे नाव काढले की लोक चिडतात, आणि त्यांचे चिडणे साहजिक आहे. एक लिटर बिअरला धुण्या-पुसण्यासकट पाच-सहा लिटर पाणी लागते. चाळीस घाण्यांचा हिशेब सव्वा लाख लिटरच्या आत बसतो, म्हणजे दहा हजार लिटरचे बाराएक टँकर. आकडा अवाढव्य नाही, तरीही हे पाणी महापालिकेच्या उजनी योजनेतून जाता कामा नये आणि टंचाई जाहीर झालेल्या वर्षी कारखाना आपोआप बंद राहिला पाहिजे, ही अट परवान्यातच लिहिलेली असावी. २०१६च्या दुष्काळात औरंगाबादच्या बिअर कारखान्यांचे पाणी कापण्यासाठी लोकांना उच्च न्यायालयात जावे लागले होते. आपल्याकडे ती वेळ येऊ नये.

आता ज्यासाठी मुख्यतः हे पत्र लिहायला घेतले, त्या मुद्द्याकडे येतो. ‘सामाजिक कार्यक्रमांसाठी खास बिअर’ ही कल्पना सोलापुरात आली, तर ती हुरड्याच्या शेतावर थांबणार नाही, अशी मला धास्ती वाटते. मंडळांना मांडवाचा, मिरवणुकीचा, ध्वनियंत्रणेचा खर्च भागवण्यासाठी प्रायोजक हवेच असतात, आणि मद्याच्या धंद्याला उत्सवासारखी गर्दी दुसरीकडे कुठे मिळणार? संक्रांतीला नंदीध्वजांची मिरवणूक निघते, गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर लेकराबाळांसह सारे शहर लोटते, वर्षभर वेगवेगळ्या जयंत्या साजऱ्या होतात. या प्रसंगी वर्गणी देणारा माणूस विडी कामगार असतो, यंत्रमागावर पाळी करणारा असतो, धुण्याभांड्याची कामे करणारी बाई असते. हप्त्याचा पगार घरी पोहोचण्याआधीच गुत्त्यावर संपतो, याचा चटका या शहरातल्या किती बायकांनी सोसला आहे, हे विडी वळणाऱ्या कोणत्याही वस्तीत जाऊन विचारावे. त्यांच्या वर्गणीतून उभ्या राहिलेल्या कमानीवर बिअरचे नाव झळकणे हा त्यांचा अपमान होईल, मग ती बिअर मालदांडीची का असेना.

कायदाही इथे त्यांच्या बाजूने आहे. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियमाची कलमे २३ आणि २४ मद्यपानास उत्तेजन देण्यास आणि मद्याची जाहिरात करण्यास मनाई करतात. मद्यविक्री होणाऱ्या आस्थापनांच्या फलकांवर महापुरुषांची आणि गडकिल्ल्यांची नावे लावण्यास राज्याने २०२२ साली बंदी केली. हाच न्याय बिअरच्या नावालाही लागू व्हावा, म्हणजे देव, संत, हुतात्मे, यात्रा आणि जयंती यांची नावे कोणत्याही बाटलीवर, ग्लासावर किंवा फलकावर येणार नाहीत. सोडा किंवा पाण्याच्या बाटलीच्या नावाआडून तेच नाव मांडवात आणण्याची पळवाटही बंद केली पाहिजे.

गावाच्या सणाला स्वतःचे पेय हवे असेल, तर ते आपल्याकडे आहेच. मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येला अक्कलकोट, दक्षिण सोलापूर भागात घरदार शेतावर जाते, कडब्याच्या खोपीत पूजा होते आणि ज्वारीच्या पिठाची, ताक घालून आंबवलेली आंबील मडक्यातून वाढली जाते. ती लहान मूलही पिते, म्हातारेही पितात, आणि वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही बोलावून दिली जाते. त्या दिवशी त्या शेतात दुसऱ्या कशाचीही गरज नाही.

म्हणून जिल्हा प्रशासनाला आणि राज्य उत्पादन शुल्क विभागाला माझी विनंती अशी आहे, की असा परवाना मागण्यासाठी कोणी आलाच, तर निम्म्याहून अधिक धान्य जिल्ह्यातली रब्बी ज्वारी असल्याचा आणि तिचा भाव पेरणीआधी लेखी ठरल्याचा पुरावा त्याच्याकडून घ्यावा. हुरड्याच्या ठिकाणी बिअर द्यायची असेल, तर कुटुंबांच्या पंगतीपासून वेगळी जागा, एकवीस वर्षांखालील कोणालाही मनाई आणि परतीची गाडी हाकणाऱ्याला एक थेंबही नाही, हे तपासायला खात्याचा माणूस तिथे असावा. उरलेला चोथा टाकून न देता त्याच शेतकऱ्यांच्या जनावरांना द्यावा. दूधवाल्यांना त्याची किंमत सांगावी लागणार नाही. सोलापुरातल्या रब्बी ज्वारी केंद्राने कोणते वाण माल्टसाठी चांगले ठरते, याच्या चाचण्या कारखानदाराच्या खर्चाने कराव्यात आणि त्यांचे निष्कर्ष शेतकऱ्यांना खुले ठेवावेत. रब्बीच्या पेरण्या सप्टेंबरअखेर सुरू होतात, त्यामुळे भाव ठरवायचा असेल तर तो गणपतीच्या आधीच ठरायला हवा.

आपला विश्वासू,
एक ज्वारी उत्पादक वाचक,
सोलापूर