काकूंसाठी वेगळे पान लिहिणाऱ्या ताईंस

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

नाव कुठेही लिहू नका असे तुम्ही बजावले आहे, म्हणून ते लिहीत नाही. पण आभार तरी चारचौघांत मानू द्या. तुम्ही आखून दिलेल्या वाटेने आईबाबांना व्हिएन्ना आणि व्हेनिस दाखवून आम्ही परतलो, तरी तुमचा विषय निघाला की आईचा आवाज अजून जड होतो, आणि फोनवर तुमच्याशी बोलताना मलाही मनातले नीट सांगता आले नाही.

तुमची गाठ पडण्याआधी आम्ही प्रवास कंपन्यांचे बरेच उंबरठे झिजवले होते. बाबांचे दोन्ही गुडघे दुखतात, आईला मराठीखेरीज दुसरी भाषा येत नाही आणि हाताशी एकच आठवडा आहे, हे आम्ही प्रत्येक ठिकाणी आधीच सांगत होतो. एका ठिकाणी तरीही आमच्यापुढे चार देशांची यादी ठेवली गेली. दुसऱ्या ठिकाणी ‘व्हेनिस मुक्काम’ म्हणून दाखवलेले हॉटेल प्रत्यक्षात खाजणापलीकडे, मेस्त्रेला होते. तिसऱ्या ठिकाणी तर बाबा समोर बसलेले असताना “काकांना बसमध्येच बसू द्या, तुम्ही उतरून बघून या,” असा सल्ला मिळाला. बाबा तिथे काही बोलले नाहीत. घरी आल्यावर मात्र “तुम्हीच जाऊन या” असे म्हणू लागले. जन्मभर रेल्वेत नोकरी केलेल्या माणसाला प्रवासातून असे बाजूला काढावे, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

तुम्ही पहिल्याच फोनवर बाबांना बोलवायला सांगितलेत आणि त्यांनाच विचारलेत, “काका, एका दमात किती चालता येतं, आणि मग किती वेळ बसावं लागतं?” त्यांच्या उत्तरावर तुम्ही अख्खा आठवडा बेतलात. शहरे दोनच, पण स्वभावाने एकमेकांच्या उलट. आधी व्हिएन्ना, कारण तिथे रस्ते सपाट आणि ट्राम दारात. तिथे शरीर रुळले की मग पायऱ्यांचे व्हेनिस. जायचे व्हिएन्नाला आणि परतीचे विमान व्हेनिसहून, म्हणजे उलटा फेरा नको. व्हिएन्नात एक रात्र जास्त, त्यामुळे व्हिसासाठी कोणत्या देशाकडे अर्ज करायचा हा प्रश्नही आपोआप सुटला : जिथे मुक्काम जास्त, तिथे.

व्हिएन्नाच्या जुन्या तटबंदीच्या जागी रिंगरस्ता करण्याचा निर्णय बादशहा फ्रान्झ योझेफ याने 1857 साली घेतला आणि 1865 मध्ये तो रस्ता खुला झाला, हे मी वाचले होते. पण त्याच रुंद रस्त्यावरून ट्रामच्या खिडकीशी बसून बाबांना ऑपेरा, संसद आणि नगरभवन पाहता येईल, हे तुम्ही सुचवलेत. श्टेफान्सडोम या तिथल्या मोठ्या चर्चच्या दक्षिण मनोऱ्याला 343 पायऱ्या आहेत आणि उत्तर मनोऱ्याला लिफ्ट आहे, ही एवढीशी माहिती आधीच्या कोणालाही द्यावीशी वाटली नव्हती. बाबा लिफ्टने वर गेले, आणि खाली आल्यावर एका कॉफीच्या कपावर, सोबत आलेल्या पाण्याच्या ग्लासासह, कॉफीहाउसमध्ये निवांत बसले. तिथे कोणी ‘उठा’ म्हणत नाही, हे तुम्ही सांगितले होते म्हणूनच ते निर्धास्त होते.

व्हिएन्नाहून व्हेनिसला विमानाने जाऊ नका, दिवसाच्या रेल्वेने जा, असा आग्रह तुम्ही का धरलात ते मला प्रवासातच कळले. ‘वीनर नॉयश्टाट स्टेशन गेलं की काकांनी झोपायचं नाही,’ असे तुम्ही लिहिले होते. त्यानंतर सेमरिंगचा घाट लागतो. 1848 ते 1854 या काळात बांधलेला हा लोहमार्ग ज्याने आखला, तो अभियंता कार्ल फोन गेगा मूळचा व्हेनिसचा, आणि 1866 पर्यंत व्हेनिसवर राज्यही व्हिएन्नाचेच होते. बाबांची बरीचशी नोकरी कर्जतला, बोरघाटाच्या पायथ्याशी, चढावर गाडीला ढकलणारी बँकर इंजिने मागून लागताना पाहण्यात गेली. बोरघाटाचा मार्ग 1863 साली सुरू झाला, म्हणजे हा घाट त्याच्याही आधीचा. दगडी कमानींचे पूल एकामागून एक येऊ लागले तसे ते वळणे आणि चढ मला समजावून सांगू लागले. त्या दुपारी आमच्यातला जाणकार प्रवासी तेच होते. कुणाच्या तरी ओळखीने आलेल्या परक्या माणसाची नोकरी कुठे झाली हे लक्षात ठेवून तुम्ही ती गाडी निवडली होती.

पण खरे आभार मानायचे आहेत ते आईच्या पानाबद्दल.

सगळा आराखडा मला पाठवून झाल्यावर तुम्ही एक वेगळे पान पाठवलेत. वर ‘काकूंसाठी’ असे लिहिलेले, रेघांच्या कागदावर, आईच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचे मी सहज बोललो होतो म्हणून टपोऱ्या अक्षरांत, सगळे मराठीत. व्हेनिसमध्ये चारशेहून अधिक पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या आहेत. त्यांतले आमच्या वाटेवरचे पूल आणि त्यांच्या आसपासचे बाक तुम्ही क्रमाने मांडले होते. हॉटेल लिस्ता दि स्पान्या या रस्त्यावर, गुल्ये पुलाच्या अलीकडे, म्हणजे स्टेशनपासून तिथवर एकही पूल नाही. एक नंबरची बोट संथ जाते, पण मोठा कालवा बसून पाहता येतो. आणि खाली अधोरेखित करून : ‘सान झाक्कारियाला उतरू नका, सान मार्कोच्या चौकात जायला मध्ये पूल चढावा लागतो. सान मार्को वाल्लारेसोला उतरा, तिथून वाट सपाट आहे.’

थांब्यांची नावे बोटीवर जशी ऐकू येतात तशी तुम्ही लिहिली होती. त्यामुळे पहिल्याच सकाळी आई कान देऊन बसली आणि “वाल्लारेसो आलं, उठा,” असे तिनेच आम्हाला सांगितले. ताई, माझ्या आईने आजवरच्या कुठल्याही प्रवासात वाट दाखवली नव्हती. ती कायम कुणाच्या तरी मागून चालत आली. परक्या देशात, परक्या भाषेत, तिने बाबांचा हात धरून त्यांना सान मार्कोच्या चौकात नेले आणि पानावर लिहिलेल्या जागी बसवले.

तुम्हाला यातून काही मिळायचे नव्हते. दिवसभराची नोकरी सांभाळून रात्री तुम्ही हे लिहीत होतात, आणि पैशांचा विषय काढला तेव्हा रागावलात. समोरच्या माणसाला काय झेपते आणि काय आवडते हे विचारायला फार वेळ लागत नाही, पण व्यवसाय म्हणून प्रवास विकणाऱ्यांनी तो दिला नाही, तुम्ही दिलात. अशी माणसे भेटली की जगाबद्दल मनात साचलेली कटुता खरोखरच कमी होते.

आता एक विनंती आहे. आमच्या सोसायटीतले एक आजीआजोबा पुढच्या वसंतात याच दोन शहरांना जायचे म्हणत आहेत. आजोबा काठी घेऊन चालतात. तुमची हरकत नसेल तर आईच्या पानाची प्रत, तुमच्या नावाशिवाय, त्यांना द्यावी असे वाटते. आईची अट एवढीच आहे की मूळ पान कोणाला द्यायचे नाही. तेवढे कळवा.

तुमचा ऋणी,
काकूंचा मुलगा