बाबा, तुम्ही विचारलंत म्हणून

पुणे

ती. आई आणि बाबा,
सा. नमस्कार.

बाबा, आईला ऐकू जाणार नाही अशा बेताने तुम्ही फोनवर विचारलंत, की स्वित्झर्लंडला जाऊन माणसाला आपल्या मर्जीने मरता येतं म्हणे, ते खरं का. मी तेव्हा "बघून सांगते" एवढंच म्हणाले. त्यानंतर रोज रात्री बसून वाचतेय. फोनवर बोलताना तुम्हाला दम लागतो, म्हणून लिहून कळवते. हे पत्र आईपासून लपवू नका. तिला मोठ्याने वाचून दाखवा, थांबत थांबत. तिला वगळून यातलं काहीच ठरवायचं नाही.

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर. हो, खरं आहे. तिथल्या फौजदारी कायद्यात स्वार्थापोटी कुणाला मरायला मदत केली तर शिक्षा आहे, स्वार्थ नसेल तर नाही. त्या एका कलमाच्या आधारावर काही संस्था काम करतात आणि परदेशी माणसाचाही अर्ज घेतात. तो माणूस पूर्ण शुद्धीवर आणि निर्णय घेण्याच्या स्थितीत असावा लागतो. शेवटची कृती त्याने स्वतःच करायची असते. खर्च लाखांच्या घरात जातो. नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये २००२ पासून आणि कॅनडात २०१६ पासून रुग्णाला मरण देण्याचं काम डॉक्टर कायद्याने करू शकतो. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात १९९७ पासून रुग्णाला स्वतः औषध घेऊन मरायला परवानगी आहे, पण आजारी माणसाच्या हातात सहा महिन्यांपेक्षा जास्त दिवस नाहीत असं दोन डॉक्टरांनी सांगावं लागतं.

तुम्ही पाठवलेला व्हिडिओही मी पाहिला. बर्फाचे डोंगर, मागे संथ संगीत आणि "शांत मृत्यू, शांत मृत्यू" असा घोष. कुणाला हक्क आहे, कुणाला नाही, आयत्या वेळी मन बदललं तर काय, यावर एक अक्षर नाही. मला फार राग आला. कारण ज्या देशांत हा कायदा आहे, तिथे रुग्णासाठी लिहिलेली माहिती नेमकी या गोष्टींपासूनच सुरू होते. कोणत्याही क्षणी नाही म्हणता येतं, हे तिथे पुन्हा पुन्हा सांगितलेलं असतं. ओरेगॉनमध्ये तर वेदना कमी करण्याचे कोणते उपाय अजून शिल्लक आहेत, हे रुग्णाला समजावून सांगणं डॉक्टरवर कायद्यानेच बंधनकारक आहे. अशा विषयात पैसे मागणारा किंवा घरपोच काही पाठवतो म्हणणारा कुणी दिसला, तर बाबा, तो फसवणारा आहे असं धरून चाला आणि मला लगेच सांगा.

आपल्याकडे डॉक्टरने मरण देणं हा गुन्हा आहे आणि त्याला मदत करणाराही गुन्ह्यात अडकतो. पण म्हणून आपल्या हातात काहीच नाही, असं नाही. आई, तुला अरुणा शानबाग आठवत असेल. मुंबईच्या केईएम रुग्णालयातली नर्स. १९७३ मध्ये तिच्यावर अत्याचार झाला, मेंदूला इजा झाली आणि २०१५ मध्ये गेली तोवर ती त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून होती. तिचं अन्न थांबवावं अशी मागणी सर्वोच्च न्यायालयात झाली, तेव्हा तिथल्या नर्सेसनी विरोध केला. आम्ही तिला सांभाळतो आहोत, पुढेही सांभाळू, असं त्यांचं म्हणणं. २०११ मध्ये न्यायालयाने तिच्यापुरती परवानगी नाकारली. पण आशा नसलेल्या रुग्णाचे कृत्रिम उपचार ठरावीक पद्धतीने थांबवता येतील, हे त्याच निकालाने मान्य केलं. पुढे ९ मार्च २०१८ ला पाच न्यायमूर्तींनी सांगितलं की सन्मानाने मरणं हाही जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि माणसाला आपली इच्छा आधीच कागदावर लिहून ठेवता येईल. त्याला लिव्हिंग विल म्हणतात. त्याची प्रक्रिया फार किचकट होती, ती २०२३ मध्ये सोपी केली.

बाबा, तुमचा प्रश्न ऐकला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे थोरले काका आले. आयसीयूत तोंडात नळी, ती उपसू नये म्हणून हात पलंगाला बांधलेले, आणि काचेबाहेर आपण सगळे. काही सुधारणा नाही, असं डॉक्टरच रोज सांगायचे आणि बिलाचा आकडाही रोज सांगायचे. कॅनॉलजवळची दोन एकर त्यात गेली. घरी परतताना तुम्ही जीपमध्ये म्हणालात, "माझं असं करू नका रे." मला वाटतं, तुम्हाला मरणाची भीती नाही. त्या नळ्यांची आहे, गुदमरण्याची आहे आणि उरलेल्या रानाची आहे.

नळ्यांचं आधी सांगते. जोवर तुम्ही शुद्धीत आहात, तोवर कोणताही उपचार नाकारायचा अधिकार तुमचाच आहे. बोलता येईनासं झालं तर तो कागद बोलेल. त्यात आपल्या शब्दांत लिहायचं, की बरं होण्याची आशा नसेल तर व्हेंटिलेटर लावू नका, लावला असेल तर काढा. आपल्या वतीने कुणी बोलायचं त्यांची नावं घालायची, एकापेक्षा जास्त चालतात. माझं आणि दादाचं, दोघांचंही घाला. ऐन वेळी दादाचा धीर सुटेल आणि तो "काय वाट्टेल ते करा पण वाचवा" म्हणेल. तो कागदावर असेल तर आजपासून त्याच्याशी बोलावं लागेल, आणि ते व्हायलाच हवं. दोन साक्षीदारांसमोर सही, शक्यतो घरच्या बाहेरचे. मग नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचा शिक्का. पूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यापुढे जावं लागायचं, आता नाही. एक प्रत आपल्या डॉक्टरांकडे आणि एक स्थानिक स्वराज्य संस्थेतल्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. मन बदललं तर कधीही लेखी रद्द करता येतो. २०२४ मध्ये गोव्यात मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचा असा कागद केला, म्हणजे यात लपूनछपून करण्यासारखं काही नाही.

वेळ आली तरी कुणी एकटा माणूस बटण बंद करत नाही. उपचार करणारे डॉक्टर आणि दोन तज्ज्ञ यांचं एक मंडळ आधी पाहतं, मग दुसरं मंडळ पाहतं. त्यात जिल्ह्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला डॉक्टर असतो. प्रत्येक मंडळाने शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं असतं. मंडळाने नकार दिला तर उच्च न्यायालय आहे, आपल्याला संभाजीनगरचं खंडपीठ जवळ.

आता गुदमरण्याचं. लाइट गेली की ऑक्सिजन देणारा तो कॉन्सन्ट्रेटर ओरडायला लागतो, आई अंधारात सिलिंडरची चावी चाचपडते, आणि तेवढ्या वेळात तुमची बोटं गादीच्या कडेला रुतलेली असतात. हे मी पाहिलंय. या धापेवर उपाय आहेत. अगदी कमी मात्रेत मॉर्फिन, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. चेहऱ्यावर सरळ वारा येईल असा छोटा पंखा. बसायची, श्वास सोडायची पद्धत. आजार बरा होणारा नसला तरी त्रास कमी करायचा, याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात आणि ती फक्त कॅन्सरसाठी नसते. मॉर्फिन ज्या अफूपासून बनतं ती आपल्याच देशात, मंदसौर-नीमचकडे सरकारी परवान्याने पिकते. २०१४ मध्ये अशा औषधांवरचा कायदाही सैल केला. तरी आपल्याकडच्या कितीतरी दवाखान्यांत मॉर्फिनचं नाव काढलं की डॉक्टर बिचकतात. म्हणून मला वाटतं, आपल्याकडे मरणाच्या हक्काआधी हे औषध तालुक्यापर्यंत पोचायला हवं. ज्याला धाप थांबवण्याचा उपाय कधी मिळालाच नाही, त्याने मरण मागितलं तर ती त्याची मर्जी कशी म्हणायची? पुढे कायदा आला तर मी विरोध करणार नाही. जे तिकडे गेले त्यांना नावंही ठेवणार नाही. पण क्रम हा असावा.

आणि रानाचं. इथे मी तुम्हाला सरळ विचारते, तुम्हीही सरळ सांगा. "माझ्यामुळे पोरांचा खर्च होतोय" हे तर मनात नाही ना? आपल्या बीड जिल्ह्यात कर्जापायी माणसं गेलेली तुम्ही शाळेत शिकवताना पाहिलीत. बाप गेलेली पोरं तुमच्याच वर्गात बसायची, त्यांच्या वह्यांचे पैसे तुम्ही भरायचात. त्या हिशेबाने मरणाचा विचार येत असेल तर माझं उत्तर नाही असं आहे, आणि ते बदलणार नाही. तुमच्या औषधाला काय लागतं ते मी आणि दादा बघतो आहोत, रान विकायची वेळ आलेली नाही. रात्री मन फार खाली गेलं तर मला उठवा, कितीही वाजले असोत. मी उचलला नाही तर १४४१६ लावा. टेलि-मानस ही सरकारी सेवा आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

आई, तू म्हणशील श्वास देणारा पांडुरंग आणि नेणाराही तोच, आपण मधे कशाला बोलायचं. पण काकांच्या वेळी त्याच्या मधे मशीन उभी होती ना? हा कागद मरण मागत नाही. येणाऱ्याला अडवू नका, एवढंच सांगतो. तरी तुला पटलं नाही तर घाई नाही. तू नाही म्हणालीस तर कागद तसाच राहू दे, आपण पुन्हा बोलू.

शनिवारी येते. सोमवारी अंबाजोगाईला मेडिकल कॉलेजात छातीच्या डॉक्टरांना दाखवू आणि धापेच्या औषधाचं तिथेच विचारू. फाईल आणि जुने एक्स-रे काढून ठेवा. कागदाचा मसुदा मी मराठीत करून आणते, त्यातला न पटणारा शब्द तुम्ही खोडा. साक्षीदार म्हणून तुमच्या शाळेतल्या दोघांना विचारून ठेवा, ते नाही म्हणणार नाहीत. आणि आई, तुला तुझं काय हवंय, हे आजवर कुणी विचारलेलं नाही. तेही सांग.

तुमची,
लेक