बाबा, सांडव्याचं तुमचंच बरोबर होतं

प्रिय आई-बाबा,

फोनवर हे सगळं सांगायला घेतलं की दोन मिनिटात आई विचारते जेवली का, आणि बाबा म्हणतात बरं ठेव आता रेंज जाऊन राहिली, म्हणून टाईप करूनच पाठवते आहे, आई चष्मा लावून मोठ्याने वाचून दाखवेल हे माहीत आहे मला. काल मामाचा फोन आला होता. त्याला तुम्ही सांगितलं म्हणे की छोटी "कॉम्प्युटरचं काहीतरी करते". राग नाही आला मला, पण रात्री झोप लागेना, कारण नागपूरच्या मिहानमधली नोकरी सोडून दोन वर्षं होत आली आणि मी नेमकं काय करते हे मी तुम्हाला कधी बसून सांगितलंच नाही, म्हणजे चूक माझीच आहे.

मी गेम बनवते आहे. धावत जाऊन गोळ्या घालायचा नाही, बुद्धिबळासारखा पाळीपाळीने खेळायचा, तुमची चाल झाली की मग समोरच्याची, मध्ये उठून चहा करून आलात तरी काही बिघडत नाही. हातात एक लहानसं गाव असतं, तिथून शेती, रस्ते, बाजार, राजाशी वाटाघाटी, कधी लढाई, असं करत करत तीन-चारशे वर्षं गाडा ओढायचा. दादाच्या कॉम्प्युटरवर मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बसायची आणि आई येऊन मेन स्विच बंद करायची, तो सिव्हिलायझेशन नावाचा असाच गेम होता. सिड मायर आणि ब्रूस शेली ह्या दोघांनी तो १९९१ मध्ये पहिल्यांदा काढला, आता त्याच्यामागे मोठी कंपनी आहे, शेकडो माणसं आहेत. पण एकट्यादुकट्यानेही असे गेम केले आहेत हो बाबा, डेन्मार्कमध्ये तीन विद्यार्थ्यांनी १९९५ ला कॉलेजात असताना फ्रीसिव्ह नावाचा सुरू केला, तो लोक अजूनही खेळतात आणि त्याच्यात भर घालतात, मी त्याचा कोड वाचून वाचूनच अर्धं शिकली.

मला ह्या सगळ्या गेममध्ये लहानपणापासून एक गोष्ट खटकायची. तिथे धान्याचं कोठार बांधलं, पाण्याची सोय केली, की झालं, पुढची हजार वर्षं ते आपोआप फायदा देत राहतं. असं कुठे असतं? मी तुमच्या लुनावर पुढे उभी राहून तलाव बघत मोठी झाली. तुम्ही पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, चालत जायचे, मध्येच थांबून पायाने माती दाबून बघायचे, आणि म्हणायचे की हा तलाव कोहळी समाजाच्या लोकांनी बांधला, तेव्हा गाव मिळून गाळ काढायचं, मालगुजारी, म्हणजे आपल्याकडची जमीनदारी, गेली, १९५१ नंतर तलाव सरकारी झाले, माजी मालगुजारीचे "मामा तलाव" झाले, आणि सगळ्यांचा तो कोणाचाच नाही. तुम्ही कालवा निरीक्षक म्हणून आयुष्य काढलं, तुम्हाला ते रोजचं होतं. माझ्या डोक्यात ते घर करून बसलं. माझ्या गेममध्ये राज्य तलवारीने कमी आणि तलावाने जास्त वाढतं, आणि दर काही चालींनी तलावात गाळ साचतो, माणसं लावून काढला नाही तर धान कमी होतं, मग लोक गाव सोडतात. तुम्ही राज्य मोठं केलं, सगळा कारभार राजधानीत आणला, तर कर जास्त मिळतो पण गाळ काढायला गावातून कोणी पुढे येत नाही. हा पेच मला दुसऱ्या कुठल्याच गेममध्ये सापडला नाही, आणि हा तुमच्याकडून आलेला आहे.

आता दिवाळीचं सांगते, त्यासाठीच खरं तर लिहायला बसली. तुम्हाला आठवत पण नसेल. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही पलंगावर बसले होते, मी लॅपटॉप मांडीवर ठेवला तुमच्या, नकाशावर सहा तलाव दिसत होते, निळे, मला वाटलं तुम्ही म्हणाल छान आहे. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवला, अगदी जवळून पाहिलं आणि म्हणाले, "याचा सांडवा कुठं आहे? पाणी पाळीवरून गेलं त फुटन ना तलाव." मग लॅपटॉप परत दिला आणि चिवडा खायला लागले. दहा मिनिटंही झाली नसतील.

मला तेव्हा वाईट वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. नागपूरला परत येताना बसमध्ये लाखनीपर्यंत तोच विचार, की एवढी मेहनत केली आणि बाबांना फक्त सांडवा दिसला. मग भंडाऱ्याजवळ वैनगंगेच्या पुलावर डोक्यात लख्ख झालं, की सांडवा नाही म्हणजे जास्तीचं पाणी बाहेर जायला वाटच नाही, म्हणजे माझे सहाही तलाव सुटे सुटे आहेत, एकाचं पाणी दुसऱ्याला जातच नाही! खऱ्या गावात तर वरच्या तलावाचं जास्तीचं पाणी सांडव्यातून खालच्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, येतं, तिथून धानाच्या बांध्यांमध्ये, आणि वरचा फुटला तर खालचेही एकामागून एक जातात. मग वरचं गाव एका राजाचं आणि खालचं दुसऱ्याचं असेल तर? तिथेच भांडण आलं, तह आला, सगळा खेळच आला.

ते बसवायला मला साडेतीन महिने लागले. जानेवारीत तर अशी अडकली होती की गेमची एक चाल पूर्ण व्हायला चाळीस सेकंद लागत होते, कारण प्रत्येक तलाव शेजाऱ्याला विचारायचा तुझ्यात जागा आहे का, तो त्याच्या शेजाऱ्याला, आणि फिरून प्रश्न पहिल्याकडेच यायचा, कधी कधी तर लॅपटॉप तसाच गोठून जायचा. महालातल्या माझ्या खोलीपासून गांधीसागर जवळच आहे, रोज संध्याकाळी तलावाला चक्कर मारायची आणि डोकं खाजवायची. एकदा तिथूनच तुम्हाला फोन केला होता, विचारलं होतं की पावसाळ्यात कोणता तलाव आधी भरतो हे तुम्ही कसं ठरवायचे, आणि तुम्ही म्हणाले, ठरवायचं काय त्यात, पाणी वरूनच खाली येते. बाबा, तेच उत्तर होतं! मी नकाशातल्या सगळ्या षटकोनी घरांना उंचीप्रमाणे ओळीत लावलं, सगळ्यात उंच आधी, आणि एकदाच वरून खाली हिशोब करत आली, कोणी कोणाला मागे वळून विचारायचंच नाही. चाळीस सेकंदांची चाल एका सेकंदाच्या आत आली. मी त्या रात्री एकटीच बाहेर जाऊन तर्री पोहे खाऊन आली.

आई, तुझं राहिलंच. तू त्या दिवशी स्क्रीनवर "नदि" वाचून जो चेहरा केला तो मी विसरली नाही. गेम मराठीत आहे, आधी मराठीत आणि मग इंग्रजीत, हे मी पहिल्या दिवशीच ठरवलं होतं. गोडो नावाचं सॉफ्टवेअर वापरते मी, फुकट आहे, पण त्याच्या जुन्या आवृत्तीत देवनागरी नीट जुळायचीच नाही, पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन पडायची आणि जोडाक्षरांचे पाय मोडलेले दिसायचे. मार्च २०२३ मध्ये चौथी आवृत्ती आली तेव्हा कुठे अक्षरं धड दिसायला लागली, पण ऱ्हस्व-दीर्घ काही सॉफ्टवेअर बघत नाही, त्याला तूच लागशील. साधारण नऊशे ओळी आहेत. रोवणी, पऱ्हे, बांधी, बोडी हे आपलेच शब्द ठेवले आहेत, पुण्याकडच्या एका मित्राने सांगितलं की हे कोणाला कळणार नाहीत, बदल, पण मी नाही बदलणार.

पैशाचं पण स्पष्ट सांगते म्हणजे तुम्ही आपसात अंदाज लावत बसणार नाही. सकाळी चार तास बाहेरची कामं करते, त्यात खोलीभाडं, डबा आणि तुमच्या औषधांचं निघतं. स्टीमवर, म्हणजे इंटरनेटवरच्या गेमच्या दुकानात, गेम ठेवायला शंभर डॉलर भरावे लागतात, ते भरून झाले. विक्रीतले तीस टक्के ते ठेवतात. मागच्या महिन्यात एका प्रकाशकाशी बोलणं झालं होतं, चांगली रक्कम देत होते, पण त्यांचं म्हणणं होतं की गोंड राजे काढ आणि रोम टाक, तलावांच्या जागी कारंजी टाक. मी नाही म्हटलं. ज्या बख्त बुलंद शहाने १७०२ मध्ये बारा गावं जोडून हे नागपूर वसवलं, त्याच्याच शहरात बसून मी त्याला गेममधून काढू? मन धजलं नाही. ते पैसे आले असते तर घराच्या छताचं काम झालं असतं, हे मला माहीत आहे, आणि त्याची टोचणी आहे मला.

म्हणून विचारते. मला पुढच्या दिवाळीपर्यंत वेळ द्या. लग्नाचं, नोकरीचं, सगळं त्यानंतर बोलू, मी टाळणार नाही, खरंच. आणि आता कोणी विचारलं तर कॉम्प्युटरचं काहीतरी असं नका सांगू, सांगा की पोरगी तलावांचा खेळ बनवते.

रविवारी सकाळी गणेशपेठहून पहिल्या बसने निघते, साकोलीला उतरली की फोन करते. बाबा, तुमची ती निळ्या कव्हरची डायरी काढून ठेवा, ज्यात तुम्ही दरवर्षी कोणत्या तलावाला किती पाणी आलं ते लिहायचे, मला गाळाचे आकडे जुळवायचे आहेत, माझे फार लवकर भरून राहिले तलाव. आई, लाल पेन मी आणते. आणि संध्याकाळी ऊन उतरलं की आपण तिघं पाळीवर जाऊ, बाबांचं गुडघ्याचं दुखणं जास्त असेल तर हळूहळू जाऊ.

तुमची,
छोटी