पमी दारातून परत गेली

शहापूर, बेळगाव

प्रिय सुऱ्या,

चार महिने पत्र नाही, चूक माझीच. तब्येत बरी आहे, शुगर तेवढी वरखाली होते.

परवा रात्री ‘डिटेक्टिव्ह स्टोरी’ पुन्हा बघितला. ह्याच सिनेमावरून हॉस्टेलवर आपण दोन दिवस अबोला धरला होता. किंग्जलेचं नाटक उचलून कॅमेऱ्यासमोर ठेवलंय, त्यात दिग्दर्शक वायलरचं काय, असं तुझं म्हणणं. आजही सांगतो, तू चुकलास. जवळजवळ सगळं त्या एका पोलीस ठाण्यात घडतं, पार्श्वसंगीत नाही, म्हणूनच तर जीव गुदमरतो. १९५१ साली न्यूयॉर्क टाइम्सचा समीक्षक क्राउदर, त्यानंसुद्धा वायलरला शाबासकी दिली होती. ऑस्करची चार नामांकनं, मिळालं एकही नाही. कान चित्रपट महोत्सवात मात्र ली ग्रँटला बक्षीस, त्या पर्सचोर बाईच्या कामासाठी. तू तिच्यावर लट्टू होतास, हे सुमनला अजून सांगितलेलं नाही!

पण क्राउदर एलिनॉर पार्करच्या बाबतीत चुकला. डिटेक्टिव्ह झालेल्या कर्क डग्लसच्या जोरापुढं त्याची बायको झालेली पार्कर मिळमिळीत वाटते, असा त्याचा सूर. अरे, तसल्या माणसाच्या घरात बाई तशीच होते की. आमच्या वहिनीला बघ.

पाडव्याला दादाची पमी आली होती. लग्नानंतर पहिल्यांदाच. दादानं आतून कडी काढली नाही. रिटायर होऊन सहा वर्षं झाली, तरी घरात ठाणंच चालवतो. पोरगी अर्धा तास पायरीवर बसली, मग कुंद्याचा डबा तिथंच ठेवून गेली. वहिनी चकार शब्द बोलली नाही. डबा आत आणला, पदरानं पुसला आणि देवापुढं ठेवला. अजून तिथंच आहे, न उघडलेला.

डग्लसचा मॅकलिओड बायकोचं जुनं प्रकरण कळल्यावर तिला माफ करू शकत नाही. गोळी लागते तेव्हा कुठं मन वितळतं, मरता मरता पकडलेल्या एका पोराला सोडा म्हणतो. ते बघताना मला दादाच दिसत होता. मागच्या महिन्यात त्याच्या छातीत दुखलं होतं. मी समोर बसून चहा पितो, पमीचं नाव ओठावर येतं आणि गिळतो. मीही वहिनीसारखाच झालोय.

तुझ्या बदलीचं काय झालं? धाकटीचा निकाल कळव.

दादा ऐकला तर तुझंच ऐकेल. पत्र मिळाल्या मिळाल्या त्याला फोन कर. सकाळी सातच्या आत, तेव्हा तो अंगणात एकटा असतो.

तुझा,
बाळ्या