ट्युबा: पोचे चालतील, गळका व्हॉल्व्ह नको

मा. संपादक, स. न.

पोलीस बँडमधून निवृत्त झालो, तरी पोरे ट्युबा, म्हणजे बँडमधले सर्वांत खर्जातले पितळी वाद्य, घ्यायला मलाच सोबत नेतात. खिसा हलका असेल तर मिराफोन १८६सारखा जुना जर्मन ट्युबा बघावा. पोचे असू देत, कारागीर काढतो. व्हॉल्व्ह (सूर बदलायला दाबतात त्या झडपा) झिजले असतील तर मात्र पैसे पाण्यात. व्हॉल्व्ह न दाबता त्याची स्लाइड (नळीचा सरकणारा तुकडा) हळू ओढा, मग व्हॉल्व्ह दाबा. ‘पॉक्’ आवाज आला तर हवा गळत नाही. (दुकानदार कपाळाला आठ्या घालेल, घालू दे!) आणि चौथा व्हॉल्व्ह हवाच. पहिला-तिसरा एकत्र दाबला की सूर चढा लागतो. तिथे चौथा वापरला की सूर बराच जागेवर येतो. चढा सूर वरातीत खपतो, ऑर्केस्ट्रात नाही.

– एक निवृत्त बँडवादक, सोलापूर