गिअरबॉक्स गेला म्हणून अख्खी टर्बो गाडी भंगारात कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पंधरा वर्षं झालेली गाडी स्क्रॅपला द्या आणि नवी घ्या, असं सांगणारं बरंच काही सध्या छापून येतंय, आपल्या पेपरातही आलं. धूर ओकणाऱ्या, ब्रेक धड नसलेल्या गाड्या रस्त्यावरून गेल्याच पाहिजेत, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण या लाटेत काही गाड्या अशाही भंगारात चालल्यात ज्यांचं इंजिन ठणठणीत आहे, बॉडीला गंज नाही, आणि मोडलंय काय तर फक्त ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. मी बोलतोय साधारण 2009 ते 2012 मधल्या स्कोडा सुपर्ब आणि लॉरा 1.8 टीएसआय (म्हणजे 1.8 लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन) या गाड्यांबद्दल, आणि हे पत्र लिहितोय कारण या गाड्या वाचवायचा सरळ रस्ता आहे, तो म्हणजे ऑटोमॅटिक काढून त्यांना मॅन्युअल गिअरबॉक्स बसवणं, फक्त त्या रस्त्यावर आरटीओची पाटी नाही.

आमच्या संभाजीनगरला या गाड्यांचं कौतुक जरा जास्त आहे हे मान्य करतो, कारण त्या आमच्या शेंद्रा एमआयडीसीत जोडल्या गेल्या, 2001 पासून ऑक्टाव्हिया तिथूनच बाहेर पडायच्या. तेव्हाची ऑक्टाव्हिया आरएस, 1.8 टर्बो, 20 व्हॉल्व्ह, 150 पीएस, मुळातच पाच गिअरची मॅन्युअल, ती ज्यांनी चालवली ते लोक अजून तिच्याबद्दल बोलतात. नंतरचं 1.8 टीएसआय इंजिन त्याहून पुढचं, 160 पीएस ताकद आणि 250 न्यूटन मीटर टॉर्क (म्हणजे ओढायचा जोर), तोही 1500 आरपीएमपासून म्हणजे गाडी नुसती चालायला लागली की ताकद हजर. एवढं इंजिन आजच्या बाजारात नव्या गाडीत घ्यायचं तर किती पैसे पडतात ते शोरूममध्ये जाऊन विचारा.

मग अडतं कुठे? अडतं ते सात गिअरच्या डीएसजीत, म्हणजे या गाड्यांच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये. या गिअरबॉक्समध्ये दोन क्लच असतात, एक 1-3-5-7 चा आणि दुसरा 2-4-6 चा, आणि हे दोन्ही क्लच कोरडे, म्हणजे तेलात बुडालेले नाहीत. त्याची टॉर्क झेपायची मर्यादा 250 न्यूटन मीटर, आणि 1.8 टीएसआयचा टॉर्कसुद्धा बरोबर 250, म्हणजे पहिल्या दिवसापासून राखीव असं काही नाहीच. त्यात आपल्याकडचं ट्रॅफिक, सिग्नलला गाडी इंच इंच सरकत राहते तेव्हा प्रत्येक वेळी क्लच घसटतो आणि तापतो, ड्रायव्हरला ते कळत पण नाही कारण त्याचा पाय फक्त ब्रेकवर आहे. शिवाय गिअर बदलायचं काम करणारं मेकॅट्रॉनिक युनिट, ज्यात हायड्रॉलिक पंप, प्रेशर साठवणारा अ‍ॅक्युम्युलेटर, व्हॉल्व्ह आणि कॉम्प्युटर असं सगळं एकत्र कोंबलंय, त्याचं आवरण अ‍ॅक्युम्युलेटरपाशी तडकतं, प्रेशर जातं आणि गाडी जागेवर उभी. हे मी गॅरेजमधल्या गप्पांवरून सांगत नाहीये, 2013 साली चीनमध्ये याच डीएसजीसाठी 3 लाख 84 हजारांवर गाड्या परत बोलवाव्या लागल्या आणि त्याच वर्षी गिअरबॉक्समधलं सिंथेटिक तेल काढून मिनरल तेल भरायला जगभरातल्या लाखो गाड्या बोलावल्या गेल्या.

आता पंधरा वर्षांची गाडी, तिची बाजारातली किंमत समजा दोन-तीन लाख, आणि मेकॅट्रॉनिक प्लस क्लच पॅकचं एस्टिमेट लाखाच्या बरंच वर. कुठला मालक तेवढे घालेल? तो गाडी झाकून ठेवतो, टायर बसतात, बॅटरी जाते, आणि मग एक दिवस भंगारवाला येतो.

याच सुपर्बमध्ये याच इंजिनाबरोबर कंपनीनेच भारतात सहा गिअरचा मॅन्युअलही विकलाय, आणि लॉरा 1.8 टीएसआयलाही तो होता. म्हणजे इथे काही नवा शोध लावायचा नाहीये, जे कारखान्यात बसत होतं तेच नंतर बसवायचंय. त्यामुळे मला कोणी विचारलं की जुनी युरोपियन टर्बो घेऊन मॅन्युअल करायचीय, कुठली घेऊ, तर माझं पहिलं उत्तर ठरलेलं आहे: जिचा मॅन्युअल भाऊ भारतात विकला गेलाय तीच घे. ऑडी ए4 1.8 टीएफएसआय दिसायला मोहात पाडते, इंजिनही त्याच कुटुंबातलं, पण ते आडवं नाही तर लांबीच्या दिशेने बसवलेलं, आणि आपल्याकडे ती मल्टिट्रॉनिक सीव्हीटी या वेगळ्याच प्रकारच्या ऑटोमॅटिकमध्ये आली, तिचे मॅन्युअलचे पार्ट परदेशातून शोधत बसावं लागेल आणि सॉफ्टवेअरचं दुखणं वेगळंच. आणि ज्यांच्याकडे डिझेलवाली, सहा गिअरच्या डीएसजीची लॉरा किंवा पसाट आहे त्यांनी या भानगडीत पडूच नये, तो गिअरबॉक्स वेगळा आहे, त्याचे क्लच तेलात चालतात, 350 न्यूटन मीटर झेलतो, दर 60 हजार किलोमीटरला तेल आणि फिल्टर वेळेवर बदललं की तो पुष्कळ टिकतो. चांगला गिअरबॉक्स काढून टाकणं हा पैशाचा आणि लोखंडाचा दोन्हीचा अपमान आहे.

गाडी बघताना लोक गिअरबॉक्सचंच विचारतात, आणि मी म्हणतो तो तर जाणारच आहे, तू इंजिन बघ. सकाळी थंड इंजिन स्टार्ट करायला लावा, मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. स्टार्ट केल्यावर पुढच्या बाजूने चेनचा खडखडाट आला तर टायमिंग चेनचा टेन्शनर संशयास्पद समजा, त्याची पकड सुटली की चेन दात सोडते आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, मग मॅन्युअल काय आणि ऑटोमॅटिक काय, इंजिनच संपलं. दुसरं म्हणजे ऑइल. या इंजिनाच्या काही वर्षांच्या गाड्या पिस्टन रिंगमुळे ऑइल पितात हे जगजाहीर आहे, तेव्हा डिपस्टिक बघा, मालकाला टॉप-अप किती लागतं विचारा, सायलेन्सरचं तोंड बोटाने पुसून बघा. वॉटर पंपाचं आवरण प्लास्टिकचं आहे, तिथे कूलंटचे पांढरट-गुलाबी डाग दिसतात का ते टॉर्च मारून बघा. पेट्रोल थेट सिलेंडरमध्ये जातं म्हणून इनटेक व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत, त्यावर कार्बन बसतो, ते साफ करून घेता येतं, त्यामुळे तेवढ्यासाठी गाडी सोडू नका. हल्ली मिळणाऱ्या ई20 पेट्रोलमुळे जुने रबरी पाइप आणि सील एकदा तपासून घेतलेले बरे. कॉम्प्रेशन चेक आणि स्कॅनर लावल्याशिवाय टोकन देऊ नका एवढंच सांगतो.

प्रत्यक्ष काम म्हणाल तर गिअरबॉक्स वर चढवणं हा सोपा भाग. सगळ्यात उत्तम म्हणजे एक अपघातात मागून चेपलेली मॅन्युअल लॉरा किंवा सुपर्ब 1.8 अख्खी मिळवणं, कारण लागणारी यादी मोठी आहे आणि एकेक पार्ट जमवायला बसलं की कुर्ल्याच्या सीएसटी रोडला चकरा मारून माणूस थकतो. गिअरबॉक्स, क्लच, मॅन्युअलचं ड्युअल मास फ्लायव्हील (डीएसजीचं चालत नाही), स्टार्टर मोटर सुद्धा वेगळी, गिअरबॉक्सचं माउंटिंग, ड्राइव्ह शाफ्ट जुळतात का बघणं, गिअर लिव्हर आणि त्याच्या दोन केबल, तीन पेडलचा अख्खा सेट, क्लचचा मास्टर आणि स्लेव्ह सिलेंडर, आणि ब्रेक फ्लुइडचा डबा पण बदलावा लागतो, कारण क्लचला तेल त्याच डब्यातून जातं आणि ऑटोमॅटिकच्या डब्याला ती नळी जोडायची तोटी उघडी नसते. डिझेलचा गिअरबॉक्स स्वस्तात मिळतोय म्हणून कोणी गळ्यात मारायला बघेल, घेऊ नका, त्याचे रेशो डिझेलसाठी लांब ठेवलेले असतात आणि पेट्रोल गाडी त्याच्यावर मरगळते, गिअरबॉक्सवर तीन अक्षरी कोड कोरलेला असतो तो जुळवूनच घ्या.

खरी परीक्षा वायरिंगची. इंजिनच्या ईसीयूला, म्हणजे त्याच्या कॉम्प्युटरला, अजून वाटत असतं की शेजारी डीएसजी आहे, तो तिचा शोध घेत राहतो, मीटरवर लाइट पेटतात, आणि गिअर लिव्हर पार्क (पी) किंवा न्यूट्रल (एन) मध्ये असल्याचा सिग्नल मिळाल्याशिवाय गाडी स्टार्ट होत नाही, आणि पी चा सिग्नल नसेल तर चावी बाहेर येत नाही. म्हणून क्लच पेडलचा स्विच ईसीयूपर्यंत न्यायचा, स्टार्टचं सर्किट त्याच्यावर घ्यायचं, रिव्हर्स लाइटचा स्विच गिअरबॉक्सवरून जोडायचा, गेटवेच्या (गाडीतले सगळे कॉम्प्युटर जोडणाऱ्या युनिटच्या) यादीतून ऑटो ट्रान्समिशनचं मॉड्यूल काढायचं आणि ईसीयूत मॅन्युअल गाडीचं सॉफ्टवेअर टाकायचं. जो मिस्त्री म्हणतो की वायर शॉर्ट करून देतो, चालेल, त्याच्या हातात गाडी देऊ नका, कारण क्लच न दाबता गिअरमध्येच स्टार्ट होणारी गाडी पार्किंगमध्ये कोणाच्या तरी पायावर जाईल. चांगलं काम झालेल्या गाडीत एकही वॉर्निंग लाइट नसतो आणि स्कॅनर क्लीन येतो, कसोटी हीच. माझी स्वतःची सुपर्ब अशीच बदलून घेतलेली आहे, औट्रम घाट उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन गाडीला धरून ठेवतं आणि ब्रेकला फार हात लावावा लागत नाही, आणि समृद्धीवर सहाव्यात टाकली की इतकी शांत जाते की मागच्या सीटवर आई झोपून जाते. त्या गाडीला भंगार म्हणणं माझ्याच्याने होणार नाही.

आता कायद्याचं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की गाडीत असा बदल करायचा नाही ज्यामुळे आरसीवरची माहिती आणि कंपनीने मुळात दिलेला तपशील यात फरक पडेल. सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2019 मध्ये तेच ठामपणे सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला प्रत्येक बदलामागे 5 हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली. हे योग्यच आहे, स्प्रिंग कापून गाड्या खाली बसवणारे आणि कानठळ्या बसवणारे सायलेन्सर लावणारे बघितले की मलाही राग येतो. पण आरसीवर काय काय असतं बघा: चासी नंबर, इंजिन नंबर, सीसी, इंधन, सीट, वजन, रंग. गिअरबॉक्सचा वेगळा रकानाच नाही. फक्त मॉडेलच्या नावात कुठे ‘एटी’ लिहिलेलं असतं, कुठे नसतं. मग आपला बदल कलम 52 मध्ये बसतो की नाही? मी चौकशी केली तेव्हा एका अधिकाऱ्याने सांगितलं नोंदीची गरज नाही, दुसऱ्याने सांगितलं असं करताच येत नाही, आणि लेखी कोणीच दिलं नाही. इन्शुरन्सचाही प्रश्न याच्यातच अडकलाय, कंपनीला न कळवता बदल केला तर क्लेमच्या वेळी वाद होणार, आणि कळवलं तर ती आरटीओचा कागद मागणार.

माझं म्हणणं एवढंच आहे की इंजिन तेच, सीसी तेवढीच, इंधन तेच, आणि हीच गाडी मॅन्युअल रूपात सगळ्या सरकारी चाचण्या पास होऊन अधिकृतपणे विकली गेलीये. सीएनजी किट बसवलं तर आरटीओ तपासून नोंद करतं, दिव्यांगांसाठी गाडीत बदल करायलाही कायद्याने वाट ठेवलीये. तशीच वाट इथे का नको? परिवहन आयुक्तांनी एक परिपत्रक काढावं, की त्याच मॉडेलला त्याच इंजिनाबरोबर कंपनीने मॅन्युअल दिला असेल, सगळे पार्ट कंपनीचे आणि बिलासकट असतील, तर इन्स्पेक्टरने गाडी तपासावी, चालवून बघावी, फी घ्यावी आणि आरसीवर नोंद करून द्यावी. केंद्राची परवानगी लागत असेल तर राज्याने ती मागावी. आणि अधिकृत स्क्रॅप सेंटरवर ज्या मॅन्युअल गाड्या तुटतात त्यांचे गिअरबॉक्स गाडीच्या नंबरासकट बिलावर विकायची नीट सोय झाली तर चोरीच्या पार्टचा धंदाही आपोआप कमी होईल.

2009 ते 2011 च्या गाड्या आता एकामागून एक रजिस्ट्रेशन रिन्यूअलला येतायत, 5 हजार रुपये फी आणि वर ग्रीन टॅक्स भरायला मालक तयार आहेत, पण उभी असलेली गाडी फिटनेसला नेणार कशी हा प्रश्न आहे. म्हणून विनंती अशी की आपल्या पेपरने हा एकच प्रश्न परिवहन विभागाला लेखी विचारावा आणि जे उत्तर येईल, हो किंवा नाही, ते छापावं.

आपला,
एक नियमित वाचक
छत्रपती संभाजीनगर