हेडसेट उतरवल्यानंतरचा तास

मा. संपादक,
स.न.वि.वि.

व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीचा हेडसेट डोळ्यांवर असताना मळमळते, गरगरते, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. मला लिहायचे आहे ते तो उतरवून ठेवल्यानंतरच्या वेळेविषयी.

मागच्या महिन्यात घरी तासभर खेळून मी हेडसेट काढला. मळमळ अजिबात नव्हती. पाण्याचा पेला उचलायला गेलो, तर बोटे पेल्याच्या जरा अलीकडेच मिटली. जिना उतरताना शेवटची पायरी संपली की नाही, याचा पायाला अंदाज येईना आणि कठड्यावरचा स्वतःचाच हात क्षणभर परका वाटला. हे सारे अर्ध्या तासात ओसरले. डोक्याचा जडपणा मात्र दुसऱ्या सकाळपर्यंत टिकला.

हेडसेटच्या भिंगांमुळे डोळ्यांना कायम एकाच, साधारण दीड-दोन मीटरच्या अंतरावर फोकस ठेवावा लागतो. पण दृश्यातली वस्तू जवळ आली की बुबुळे मात्र आत वळतात. डोके वळवल्यावर कानाच्या आतील तोल सांभाळणारी यंत्रणा एक सांगते आणि चित्र किंचित वेगळे सांगते. मेंदू हळूहळू या विसंगतीशी जुळवून घेतो, आणि गोम इथेच आहे. कारण हेडसेट काढला तरी ही जुळवणूक लगेच सुटत नाही. आत असताना ज्याला काहीच त्रास झाला नाही, त्याच्या मेंदूने कदाचित अधिकच जुळवून घेतलेले असते. जॉर्ज स्ट्रॅटन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने जग उलटे दाखवणारी भिंगे सुमारे आठवडाभर वापरली होती. १८९७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात, भिंगे काढल्यावर नेहमीचे सरळ जगच त्याला काही तास गोंधळात टाकणारे वाटले.

वैमानिकांच्या सिम्युलेटरबाबत, म्हणजे जमिनीवरच उड्डाणाचा सराव देणाऱ्या यंत्राबाबत, ही गोष्ट केव्हाच गांभीर्याने घेतली गेली. संशोधक रॉबर्ट केनेडी आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये तयार केलेली, अशा त्रासाच्या लक्षणांची प्रश्नावली हेडसेटच्या अभ्यासांत आजही वापरली जाते, आणि सिम्युलेटरमधून उतरल्यावर काही तास विमान उडवू न देण्याची पद्धत काही लष्करी दलांत आहे. घरी मात्र असे थांबवणारे कोणी नसते. एकच हेडसेट घरातले सगळे वापरतात आणि भिंगांमधील अंतर आपल्या डोळ्यांप्रमाणे जुळवून घेण्याचे कष्ट क्वचितच कोणी घेतो (मीही घेतले नव्हते). खेळ आटोपला की माणूस दुचाकीची किल्ली उचलून बाहेर पडतो.

हेडसेट डोळ्यांवरून निघाला हे त्यातील सेन्सरला तत्काळ कळते, म्हणूनच पडदा आपोआप बंद होतो. तो किती वेळ वापरला, याचीही नोंद ठेवता येते. मग खेळ संपवताना, हेडसेट डोक्यावर असतानाच, ‘इतका वेळ झाला, आता थोडे बसा, लगेच वाहन चालवू नका’ एवढे ठळकपणे आणि आवाजासह सांगायला अडचण कोणती? उत्पादक कंपनीला मी हेच विचारले. उत्तरादाखल माहितीपुस्तिकेतील एका पानाचा हवाला आला. त्या बारीक टायपात सूचना आहे खरी, परंतु ती ‘त्रास जाणवत असल्यास तो थांबेपर्यंत’ वाहन चालवू नये, अशी आहे. पेल्याकडे हात नेण्यापूर्वी मला कसलाच त्रास जाणवत नव्हता.

आपला,
एक वाचक